वाचकांचे प्रश्न : ‘डांके’ म्हटले आणि बशी गेली

जर्मनीत राहायला जाणाऱ्यांनी आपले प्रश्न पाठवावेत, असे मागच्या अंकात लिहिले तेव्हा मला वाटले होते की बहुतेक पत्रे व्हिसा आणि नोकरी यांविषयीच येतील. प्रत्यक्षात टेबलावर जी पत्रे आहेत त्यांत मोहरीची उशी आहे, शेजारणीचा केक आहे, भिंतीवरची बुरशी आहे. मला हे प्रश्न अधिक जवळचे वाटतात, कारण व्हिसा एकदा मिळाला की मिळाला, शेजारीण मात्र रोज जिन्यात भेटते. औंधच्या ब्रेमेन चौकातून येणाऱ्या-जाणाऱ्या पुणेकराला जर्मनी हे नाव नवे नाही, आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन क्रियापदे घोकलेल्यांच्या तर आता पिढ्या झाल्या. पण वर्गात जे शिकवत नाहीत ते तिथे गेल्यावरच कळते. मी श्टुटगार्टच्या परिसरात सोळा वर्षे संसार केला आणि सहा वर्षांपूर्वी कोथरूडला परतले. खाली जे सांगते आहे त्यातले बरेचसे मी आधी चुकून मग शिकले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे गाळली आहेत.

स.न.वि.वि. डिसेंबरात श्टुटगार्टला माझ्या मुलीचे बाळंतपण आहे. मी आणि हे तीन महिन्यांसाठी जाणार आहोत. डिंकाचे लाडू, साजूक तूप, बाळंतशेपा, मोहरीची उशी, धुरीचे सामान, बाळगुटी असे सगळे काढून ठेवले आहे. मुलगी फोनवर म्हणते, “आई, इथे एक बाई घरी येते, ती सांगेल तसं करायचं.” सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढू नये, हेसुद्धा तिला मान्य नाही. मग मी तिथे जाऊन करायचे तरी काय? — एक होणारी आजी, कर्वेनगर

आजी, आधी बॅग उघडा. युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सोबत मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तुपाचा डबा आणि पेढे घरीच राहतील, आणि तुपात वळलेल्या लाडवांवरूनही विमानतळावर वाद होऊ शकतो. त्यासाठी जीव टांगणीला लावू नका. डिंक आणि खारकेची पूड कोरडी न्या आणि लाडू तिथे वळा. जर्मन लोणी उत्तम असते, त्यात ८२ टक्के स्निग्धांश असतो, आणि ते मंद आचेवर कढवले की घरभर जो वास सुटतो तो ओळखीचाच असतो. कढवण्याचाही कंटाळा आला तर दुकानात ‘बुटरश्माल्त्स’ नावाचा डबा मागा. ते तूपच आहे, फक्त त्याला आपल्यासारखा रवा येत नाही. ताजा कढीपत्ता, भाज्या आणि बहुतेक फळे यांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. मात्र अननस, केळे, खजूर, ड्युरियन आणि नारळ या पाच फळांना त्यातून सूट आहे, तेव्हा ओटीची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे असे समजा. नारळाविषयी विमान कंपनीला मात्र आधी विचारून घ्या, आणि सुके खोबरे नेऊच नका. त्यावर आपल्याकडच्या विमानतळावरच हरकत घेतात. तिथे किसलेले खोबरे कुठेही मिळते.

दुसरी गोष्ट दिवसांची. तुम्ही ‘तीन महिने’ लिहिले आहे, पण पाहुण्यांचा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात मोजतात. १० डिसेंबरला उतरून १० मार्चला निघालात, तर एरवी ज्याला आपण तीन महिने म्हणतो त्याचे ९१ दिवस होतात. तिकीट काढताना बोटे मोजा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, पण जुन्या आजारांचा खर्च बहुतेक विम्यांत बसत नाही, म्हणून रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या न्या आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी जवळ ठेवा. स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधे नेता येतात.

आता ती ‘बाई’. तिला हेबामे म्हणतात; ती परीक्षा देऊन, परवाना घेऊन काम करणारी सुईण असते. बाळंतपणानंतर बारा आठवड्यांपर्यंत ती घरी येते, पहिल्या दहा दिवसांत तर गरज असेल तर रोज येते, आणि मुलगी सरकारी पद्धतीच्या आरोग्यविम्यात असेल तर त्याचा खर्च विमाच उचलतो. आपल्या बायका तिला पाहून अवघडतात, कारण घरात आजी असताना बाहेरची बाई येऊन बाळाला हात लावते हे आपल्याला तपासणीसारखे वाटते. ती तपासायला येत नाही. ती नाळ पाहते, वजन घेते, दूध नीट येते आहे ना हे विचारते, आणि शेवटी ठरलेला प्रश्न टाकते, “आणखी काही विचारायचं आहे?” या प्रश्नावर आपण जे मुकाट हसतो ना, तिथेच घोटाळा होतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. तुम्ही बोलला नाहीत तर तुम्हाला सगळे पटले असा अर्थ ती घेणार, आणि ती गेल्यावर घरात मायलेकींचे वाजणार. म्हणून मुलीला दुभाषी करून तिला थेट विचारा, “आम्ही बाळाला तेल लावून अंघोळ घालतो, चालेल का?” माझ्या अनुभवात तेल-मालिशीचे तिथे कौतुकच होते, आमच्या हेबामेने माझ्या सासूबाईंना पाय लांब करून बाळाला पायांवर कसे घेतात ते दोनदा करून दाखवायला लावले होते.

काही बाबतींत मात्र ती ‘नाही’ म्हणेल आणि तिथे मी तिच्या बाजूची आहे. मोहरीची उशी त्यांपैकी एक. झोपेत श्वास कोंडून अचानक बाळ दगावण्याचा धोका कमी व्हावा म्हणून तान्ह्या बाळाला पाठीवर, उशीशिवाय, पांघरुणाऐवजी झोपायच्या पिशवीत घालून निजवतात. उशी तुम्ही प्रेमाने शिवली असेल. ती खेळण्यांच्या कपाटात ठेवा. बाळगुटी आणि मध हे दुसरे. मधात काही वेळा असे जिवाणूबीज असते की त्यातून एक वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून बोटभर मध चाटवण्याचा आग्रहसुद्धा नको. त्याऐवजी तिथे बाळाला रोज ड जीवनसत्त्व देतात, कारण हिवाळ्यात ऊन जवळजवळ नसतेच.

धुरीविषयी माझी स्वतःची फजिती सांगते. जर्मन घरांत झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर धुराची सूचना देणारे यंत्र बसवणे सक्तीचे आहे. छताला चिकटलेली पांढरी बशी असते ती. माझ्या मुलीच्या वेळी शेगडी नव्हती, निखारे नव्हते, म्हणून सासूबाईंनी लोखंडी तव्यावर ओवा आणि बाळंतशेपा तापवला, दार लावून घेतले आणि खिडकी मुद्दाम बंद ठेवली. दीड-दोन मिनिटांत ती बशी जी केकाटायला लागली! मी स्टुलावर चढून तिच्यावर टॉवेल हलवते आहे, बाळ रडते आहे, सासूबाई ओव्याचा तवा हातात धरून “अगं, बंद कर ते” म्हणताहेत, आणि जिन्यात चार मजल्यांचे लोक सपाता घालून उभे. कुणी ओरडले नाही. एका गृहस्थांनी तव्यात डोकावून “जेवण?” एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या फळ्यावर टाइप केलेली चिठ्ठी होती : काल ७.४० वाजता धोक्याची घंटा वाजली, स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी, मित्रत्वपूर्ण अभिवादन. सासूबाई सदाशिव पेठेतल्या. त्यांनी ती चिठ्ठी वाचून घेतली आणि म्हणाल्या, “आपल्याकडच्या पाट्यांपेक्षा सौम्य आहे.” तेव्हा धुरी सोडून द्या, गरम पाण्याची पिशवी शेकायला पुरते.

राहता राहिला सव्वा महिना. तिथे डिसेंबरातसुद्धा बाळाला गुंडाळून बाबागाडीतून हिंडवून आणतात, आणि हेबामे तसे सुचवेलच. तुमचा जीव खाली-वर होईल, हे मी जाणते. पण आपल्या रूढीत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत : बाळाला माणसांच्या गर्दीपासून दूर ठेवणे आणि बाळंतिणीला विश्रांती देणे. यांतली दुसरी गोष्ट त्यांच्याकडेही आहे. बाळंतपणानंतरच्या सहा ते आठ आठवड्यांना ते ‘वोखेनबेट’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘आठवड्यांचे अंथरूण’, आणि त्या काळात आईने पडून राहावे, भेटायला येणाऱ्यांनी बेताने यावे, असे तिथली जुनी माणसेही सांगतात. त्यामुळे मुलीशी वाद घालायचाच असेल तर बाबागाडी सोडून या मुद्द्यावर घाला. इथे हेबामे तुमच्या बाजूने बोलेल.

आणि मिक्सर. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची, रविवारी आणि सणाच्या दिवशी दिवसभर. काही इमारतींच्या नियमांत दुपारी १ ते ३ हाही वेळ असतो. पुण्याच्या माणसाला दुपारच्या वेळेचे महत्त्व समजावून सांगायची गरज नाही.

सप्रेम नमस्कार. लग्नानंतर सात महिन्यांपूर्वी मी म्युनिकला आले. मूळची मी सहकारनगरची, बी.कॉम. करून एका सी.ए.कडे काम करत होते. शेजारच्या आजींनी मला रविवारी ‘हाल्ब फीअर’ला कॉफीला बोलावले. मी साडेचारला गेले तर त्या घड्याळाकडे पाहत होत्या. केकचा तुकडा संपल्यावर त्यांनी आणखी हवा का विचारले. मी ‘डांके’ म्हणाले आणि त्यांनी बशी उचलून नेली. खरे तर मला भूक होती हो! तेव्हापासून त्या जिन्यात भेटल्या की मी खाली मान घालते. हे दिवसभर ऑफिसात असतात. इथे कुणी आपले होईल का? — एक वाचक, सध्या म्युनिक

तुमचे पत्र वाचून मी हसले, रागावू नका. ही बशी माझ्यासमोरूनही गेलेली आहे.

‘हाल्ब फीअर’ म्हणजे शब्दशः ‘अर्धा चार’, पण जर्मन माणूस येणाऱ्या तासाकडे तोंड करून मोजतो, म्हणून तो चाराकडे जाणारा अर्धा तास, आपले साडेतीन. इंग्रजीतले ‘हाफ पास्ट’ डोक्यात बसलेले असते म्हणून आपण एक तास चुकतो. उलट जर्मन आकडे मात्र मराठीतून मोजले तर फार सोपे जातात. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर. त्यांचेही अगदी तसेच, पाच-आणि-वीस. इंग्रजी माध्यमातली मुले फोन नंबर लिहून घेताना तिथे उलटसुलट करतात, मराठीत पाढे म्हटलेल्यांना ते आपसूक जमते. फक्त एकोणतीस, एकोणचाळीसपाशी सावध राहा, तिथे आपण तिसातून एक वजा करतो आणि ते नऊ-आणि-वीसच म्हणतात.

आता ‘डांके’. त्याचा अर्थ ‘आभारी आहे’ असा तुम्ही शिकलात आणि तो बरोबरच आहे. पण कुणी काही देऊ केल्यावर नुसते ‘डांके’ म्हटले की तिथे त्याचा अर्थ ‘नको, आभारी आहे’ असा घेतात. हवे असेल तर ‘या, गेर्ने’ म्हणायचे, म्हणजे ‘हो, आवडेल’. आजींनी तुमच्या शब्दाला मान दिला. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो, दुसऱ्यांदा ‘पुरे’ म्हणतो आणि तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरतो, तेव्हा कुठे यजमानीण थबकते, आणि तरीही बोटांच्या फटीतून जिलबीचा एक वेढा पडतोच. हा खेळ दोघांनाही ठाऊक असतो म्हणून त्यात गोडी असते. तिथे तो खेळ नाही. मोठ्या माणसाने ‘नको’ म्हटल्यावर पुन्हा वाढणे म्हणजे त्याला स्वतःचे पोट कळत नाही असे सुचवणे होते. याला रूक्षपणा म्हणा वाटल्यास, पण एकदा सवय झाली की बरे वाटते. मला तर पुण्यात परतल्यावर पहिल्या केळवणात श्वास घेता येईना.

मग आता काय करायचे? मान खाली घालणे थांबवायचे, हे पहिले. जिन्यात भेटल्या की सरळ सांगा, मला वेळ समजली नव्हती आणि केक मला आवडला होता. व्याकरण चुकू द्या. तिथे मनातले तोंडाने बोलले नाही तर समोरचा ते ओळखून घेणार नाही. न सांगता ओळखणे हा आपला आगाऊपणा होईल, असेच त्याला वाटते. त्यानंतर त्यांना तुमच्याकडे बोलवा, पण ‘या कधीही’ असे बोलावू नका. त्याला तिथे काही अर्थ नाही. वार आणि वेळ सांगा.

माझ्या शेजारणीने मला पहिल्यांदा स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याची बरणी दिली होती. बरणी रिकामी झाल्यावर ती तशीच परत कशी करायची, आपल्याकडे शेजारची वाटी रिकामी धाडत नाहीत, म्हणून मी त्यात बेसनाचे चार लाडू घातले. दोन आठवड्यांनी ती बरणी आलुबुखाराचा मुरंबा घेऊन परत आली. त्यात मी चिवडा भरला. अशी ती एकच बरणी, झाकणावर लाल चौकटी असलेली, अकरा वर्षे आमच्या दोन दारांमधून फिरत होती. या सगळ्या काळात ती बाई एकदाही न विचारता आली नाही, आणि चौथ्या वर्षी एके दिवशी गंभीरपणे म्हणाली, “आता आपण एकमेकींना ‘डू’ म्हणायला हरकत नाही.” जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे आपले अहो-जाहो आणि ‘डू’ म्हणजे अगं-तुगं, आणि अगं-तुगंचा प्रस्ताव वयाने मोठ्या माणसाने मांडायचा असतो. तुमच्या आजी तो मांडतील तेव्हा तुम्हाला कुणी ‘आपले’ झाले आहे की नाही हे विचारावे लागणार नाही. त्याला वेळ लागतो, एवढे मात्र धरून चाला.

तुमच्या दिवसभराच्या एकटेपणाविषयी थोडे. प्रत्येक शहरात ‘फोल्क्सहोखशूले’ असते, म्हणजे प्रौढांसाठी नगरपालिकेच्या मदतीने चालणारी शाळा. तिथे भाषेपासून शिवणापर्यंत वर्ग असतात आणि फी आवाक्यातली असते. भाषेचा वर्ग लावाच, पण सोबत गाण्याचा किंवा शिवणाचाही लावा, कारण भाषेच्या वर्गात सगळे तुमच्यासारखेच परके असतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला अवश्य जा. आठवड्याचे सातही दिवस मंडळातच घालवले तर मात्र आपण सहकारनगरातच राहतो, फक्त थंडी जास्त. यजमान ‘ब्लू कार्ड’वर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवासपरवान्यावर, असतील तर तुम्हाला नोकरीची मुभा आहे, तुमच्या निवासपरवान्यावर तसे लिहिलेले असते, ते वाचा. आणखी एक, तुम्ही विचारले नाही तरी सांगते : भारतीय वाहनपरवाना तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो. तुम्हाला सात महिने झाले आहेत. गाडी चालवत असाल तर आजपासून थांबवा. लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतील.

मी चाकणच्या एका जर्मन कंपनीत आहे. दोन वर्षांसाठी तिकडच्या कारखान्यात जायचे आहे. आधी जाऊन आलेला सहकारी म्हणतो की ते लोक सगळ्यांसमोर चूक काढतात आणि पाचनंतर फोन उचलत नाहीत. हे खरे आहे का? — एक अभियंता, मोशी

दोन्ही खरे आहे. चूक काढतात ती कामाची. त्याच माणसाबरोबर दुपारी जेवायला बसतात आणि त्यांच्या मनात काही नसते, त्यामुळे तुम्हीही मनात ठेवू नका. तुम्ही जपायचे ते एका मराठी शब्दापासून : ‘बघतो’. आपण ‘बघतो’ म्हणतो तेव्हा समोरच्याला कळते की हे बहुधा व्हायचे नाही. तिकडे त्याचे भाषांतर करून सांगितलेत की साहेब त्याच्या वहीत तारीख लिहून मोकळा होतो आणि त्या तारखेला विचारतो. जमणार नसेल तर त्याच बैठकीत ‘शुक्रवारी जमणार नाही, मंगळवारी देतो’ असे म्हणा. त्यात उद्धटपणा नाही.

वाढदिवसाला केक तुम्ही न्यायचा, सहकाऱ्यांनी नव्हे. आणि कुणालाही वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, तो अपशकुन मानतात. विज्ञानाच्या देशात असे कसे, हे मला विचारू नका. आजारी पडलात तर कामाची वेळ सुरू होण्याआधी कळवायचे, आणि आजारपण तीन दिवसांपेक्षा लांबले तर चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टरचा दाखला लागतो. काही कंपन्या तो आधीच मागतात. ताप अंगावर काढून कामावर गेलात तर कौतुक होणार नाही, उलट लोक खुर्ची लांब सरकवतील.

माझी मुलगी आखेनला शिकते. तिघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहते. भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी आली आहे आणि घरमालक म्हणतो, दोष तुमचा. शिवाय रेडिओ-टीव्हीचे शुल्क भरा म्हणून पत्रे येतात. घरात टीव्ही नाही, म्हणून मुलांनी ती फेकून दिली. बरोबर केले ना? — एक वडील, चिंचवड

पत्रांबाबत साफ चूक केली. हे शुल्क २०१३ पासून घरामागे आकारतात, टीव्ही असो वा नसो. सध्याचा दर महिन्याला १८ युरो ३६ सेंट आहे. चौघांत मिळून एकच शुल्क भरायचे असते, म्हणजे माणशी साडेचार युरोंच्या आसपास. एकाच्या नावाने नोंदणी करावी आणि बाकीच्यांनी तो क्रमांक कळवावा. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्या नोंदीवरूनच ही पत्रे येतात, तेव्हा फेकून ती संपत नाहीत; थकबाकी मात्र साठते. मुलीला पहिल्या महिन्यातच एक जाडजूड फाइल घ्यायला सांगा. दोन भोके पाडून कागद अडकवायची ती फाइल प्रत्येक जर्मन घरात ओळीने उभी असते, आणि आलेले एकूण एक पत्र त्यात जाते. टपालपेटीवर चौघांचीही आडनावे हवीत, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो.

बुरशीचे थोडे समजून घ्या, कारण घरमालक अर्धा बरोबर असू शकतो. तिथल्या खिडक्या दुहेरी काचेच्या आणि हवाबंद असतात. आपल्याकडे दाराखालून, तावदानातून वारा आपला आपण फिरतो. तिथे आतली वाफ आतच राहते. चार मुलांची आंघोळ, कुकरच्या शिट्ट्या, घरातच स्टँडवर वाळत घातलेले कपडे, ही सगळी ओल बाहेरच्या बाजूच्या थंड भिंतीवर, विशेषतः कपाटामागच्या कोपऱ्यात, जाऊन बसते आणि तिथे काळे ठिपके उमटतात. उपाय असा की दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच ते दहा मिनिटे, बाहेर बर्फ असले तरी; मग बंद करून हीटर लावायचा. आपली मुले थंडीला भिऊन खिडकी दिवसभर वरून जराशी कललेली ठेवतात. त्याने भिंत गार होते आणि ओल जात नाही, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून घ्या. आणि हे सगळे करूनही बुरशी वाढली तर फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा. शहरोशहरी भाडेकरूंचे संघ असतात, वर्गणी भरून सभासद झाले की ते सल्ला देतात. तोंडी तक्रारीचा उपयोग नाही.

आमचा मुलगा नऊ वर्षे जर्मनीत राहून गेल्या महिन्यात पुण्याला परत आला. आता तो आम्हाला म्हणतो, लोक न कळवता घरी का येतात? परवा माझी धाकटी बहीण आली तर हा घड्याळ पाहत होता. सिग्नलला कुणी हॉर्न वाजवला तर गाडीतून उतरायला निघतो. याचे काय करावे? — एक आई, नारायण पेठ

काही करू नका, वर्षभर थांबा. जाताना माणूस तयारी करून जातो. परत येताना कुणी त्याला सांगत नाही की येणे हेही एक जाणेच आहे. त्याच्या लेखी मावशी न कळवता आली म्हणजे त्याच्या दुपारची किंमत शून्य, आणि मावशीच्या लेखी भाचा घड्याळ पाहतो म्हणजे तिचीच किंमत शून्य. दोघेही खरे बोलताहेत. त्याला एवढेच सांगा की मावशीला पाणी देऊन, पाच मिनिटे बसून, “मला काम आहे, तू आईशी बोल” म्हणून उठले तर इथे कुणाला राग येत नाही. आणि मावशीला सांगा की निघताना एक फोन टाक. हॉर्नवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. सहा वर्षे झाली, कर्वे रोडला मी अजून दचकते.

कालच माझी शेजारीण दाराची कडी न वाजवता थेट स्वयंपाकघरात आली, ओट्यावर वालाच्या उसळीची वाटी ठेवली आणि “गरम आहे गं” म्हणून गेली. मी त्या वेळी हेच उत्तर लिहीत होते आणि क्षणभर माझाही हात घड्याळाकडे गेला. वाटी धुऊन पालथी घातली आहे. घरात तिच्यात घालण्यासारखे आज काही नाही, म्हणून ती अजून माझ्याकडेच आहे.